मीटरचा दिवा : मोटारीतल्या एका मंद उजेडाचा इतिहास

मोटारीच्या ज्या भागाला आपण डॅशबोर्ड म्हणतो, तो मोटारीपेक्षा जुना आहे. घोडागाडी हाकणाऱ्याच्या पायांपुढे लाकडाची किंवा चामड्याची एक उभी फळी असे. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल आणि खडी अंगावर येऊ नये, एवढेच तिचे काम. उडून आदळण्याला इंग्रजीत जो शब्द आहे, त्यावरून त्या फळीला हे नाव पडले. पुढे घोडा गेला, इंजिन आले. फळी मात्र तिथेच राहिली. चिखल अडवण्याचे काम संपल्यावर तिच्यावर तेलाचे, विजेचे, वेगाचे काटे येऊन बसले.

दिवसा हे काटे सहज वाचता येतात. रात्री ते दिसावेत म्हणून दिवा लागतो. मोटारीच्या इतिहासावर पुष्कळ लिहिले गेले आहे; इंजिनांवर ग्रंथ आहेत, गाड्यांच्या बांध्यावर आहेत, रस्ता उजळणाऱ्या मोठ्या दिव्यांवरही आहेत. चालकाच्या नजरेसमोर, काचेआड जळणाऱ्या दोन-तीन वॅटच्या दिव्याकडे मात्र क्वचितच कुणी लक्ष दिले आहे. गॅरेजच्या भाषेत त्याला नुसते ‘मीटरचा दिवा’ म्हणतात. टॅक्सीचे भाडे दाखवणाऱ्या मीटरशी त्याचा संबंध नाही.

हा विषय आज काढण्याला कारण आहे. जुन्या मोटारी जपणारे चारजण एकत्र आले, की एक प्रश्न हटकून निघतो : मीटरचा दिवा एलईडीचा करावा का? प्रश्न वरकरणी किरकोळ आहे. एलईडीचे छोटे दिवे दुकानात काही रुपयांना मिळतात आणि जुन्याच होल्डरमध्ये बसतात. १९७५ सालची एक प्रीमियर पद्मिनी माझ्याकडे आहे आणि माझी साठी उलटली आहे, तेव्हा या प्रश्नात मीही एक पक्षकार आहे. पण उत्तर शोधू लागलो तसतसे ध्यानात आले, की या लहानशा दिव्याच्या मागे शंभर वर्षांचा विचार उभा आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : मीटरचा दिवा मंद होता तो केवळ तंत्र मागासलेले होते म्हणून नव्हे. बाहेरचा काळोख, माणसाचा डोळा आणि गाडीतली वीज या तिघांच्या तडजोडीतून त्याचा उजेड ठरला होता. ज्याला तो सुधारायचा आहे, त्याने आधी ही तडजोड समजून घ्यावी.

कार्बाइडकडून विजेकडे

वेग दाखवणाऱ्या काट्याचे श्रेय ऑटो शुल्झे या जर्मन अभियंत्याकडे जाते. स्ट्रासबर्ग येथे त्याने १९०२ मध्ये आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. चाकांबरोबर फिरणारी एक लवचीक तार मीटरमधल्या चुंबकाला फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची लहानशी वाटी असते. ती चुंबकाला कुठेही चिकटलेली नसते, तरी फिरत्या चुंबकामुळे तिच्यात विजेचे भोवरे उठतात आणि ती त्याच्यामागे ओढली जाते. एक केसाएवढी स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत काटा जिथे थांबतो, तो वेग. पद्मिनीच्या मीटरमध्येही तत्त्व हेच आहे.

काटा आला, पण तो रात्री वाचण्याची सोय लगेच आली नाही. त्या काळच्या गाड्यांचे पुढचे दिवे ॲसिटिलीन वायूवर जळत. जत्रेतल्या दुकानांवरचे कार्बाइडचे दिवे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ती भगभगीत पांढरी ज्योत आणि तो उग्र वास आठवेल. कार्बाइडवर थेंबथेंब पाणी पडायचे, वायू निघायचा, तो नळीतून दिव्याकडे जायचा. बाहेर रस्त्यासाठी हे ठीक होते. पण नाकासमोर, लाकडी फळीवर अशी उघडी ज्योत कोण ठेवणार? मीटरचा दिवा शक्य झाला तो गाडीत कायमची वीज आल्यावर.

त्यासाठी दोन गोष्टी जुळून याव्या लागल्या. पहिली, धक्के सोसणारा तंतू. अमेरिकेत विल्यम कूलिज यांनी १९१०च्या सुमारास टंगस्टनची बारीक, वाकवता येणारी तार ओढण्याची रीत बसवली आणि खड्ड्यांतून जातानाही टिकेल असा बल्ब तयार होऊ लागला. दुसरी गोष्ट म्हणजे डायनॅमो आणि बॅटरी यांची जोडी. चार्ल्स केटरिंग यांनी कॅडिलॅकसाठी सेल्फ स्टार्टर तयार केला आणि १९१२च्या गाड्यांत इंजिन सुरू करणे, बॅटरी भरणे आणि दिवे लावणे ही तिन्ही कामे एकाच विद्युत व्यवस्थेकडे आली. हँडल मारण्याचे कष्ट वाचावेत म्हणून आलेल्या या व्यवस्थेने जाता जाता डॅशबोर्डही उजळला.

आरंभीचा मीटरचा दिवा मीटरच्या बाहेर असे. फळीवर एक लहान टोपीवाला दिवा बसवलेला आणि त्याचा झोत खाली काट्यांवर पडणारा. नंतर दिवा मीटरच्या पेटीत शिरला. आतली बाजू पांढरी रंगवून बल्ब कडेला दडवला, की उजेड भिंतींवर आपटून तबकडीवर पसरतो आणि तंतू स्वतः डोळ्यांना दिसत नाही. इथे दिवा नजरेस पडू न देणे हीच कारागिरी आहे.

डोळ्याचा हिशेब

मग तो उजेड किती असावा? ‘भरपूर’ असे उत्तर कुणीही चटकन देईल. डोळ्याचे शास्त्र मात्र तसे सांगत नाही.

आपल्या दृष्टिपटलावर दोन तऱ्हेच्या पेशी असतात. शंकूपेशी उजेडात काम करतात आणि रंग ओळखतात. दंडपेशी अंधारात काम करतात. त्यांना रंग कळत नाही, पण अगदी थोड्या उजेडातही हालचाल आणि आकार कळतात. उजेडातून अंधारात गेल्यावर शंकूपेशी दहा-एक मिनिटांत सरावतात. दंडपेशींना पुरते सरावायला अर्धा तास किंवा त्याहून अधिक लागतो. आणि हा सराव मोडायला मात्र एक लख्ख झोत पुरतो. घाटात समोरून अप्पर मारत येणाऱ्या ट्रकने हे ज्ञान आपल्याला फुकट दिलेले आहे.

मोटार चालवताना नजर सतत रस्ता आणि मीटर यांच्यात ये-जा करते. मीटर फार उजळ असेल, तर प्रत्येक वेळी वर पाहताना रस्त्याच्या कडेचा माणूस, बिनदिव्याची बैलगाडी, मोरीचा कठडा थोडा उशिरा दिसतो. शिवाय तोच उजेड पुढच्या काचेत आतून परावर्तित होतो आणि रस्त्यावर मीटरची भुतावळ तरंगू लागते. मीटर फार मंद असेल, तर आकडा लागत नाही आणि नजर खालीच रेंगाळते. धोका दोन्हीकडे आहे. म्हणून पुष्कळ गाड्यांत दिव्याच्या वाटेवर एक फिरते बटण दिलेले असे. त्याच्या आत तारेचे वेटोळे असते. बटण फिरवले, की वाटेतला विद्युतरोध वाढतो आणि दिवा मंदावतो. गावाच्या दिव्यांतून जाताना उजेड वाढवायचा, उघड्या रस्त्याला लागले की उतरवायचा, ही त्यामागची अपेक्षा.

रंगाचा वादही याच हिशेबातून निघाला. दंडपेशींना गडद तांबडा रंग जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे तांबड्या उजेडात वाचल्याने त्यांचा अंधाराचा सराव मोडत नाही. दुसऱ्या महायुद्धात विमानांतून आणि जहाजांतून तांबडा उजेड वापरला गेला तो यासाठीच. त्यातही अडचण होतीच : तांबड्या उजेडात नकाशावरच्या तांबड्या रेघा नाहीशा होतात. मोटारवाल्यांनी आपापला मार्ग काढला. १९६०च्या दशकातील कितीतरी ब्रिटिश गाड्यांत हिरवट उजेड होता. अंधुक प्रकाशात डोळा हिरव्याला सर्वांत लवकर दाद देतो, त्यामुळे थोडक्या उजेडात काम भागते. बीएमडब्ल्यूने नारिंगी पसंत केला. फोक्सवॅगनने १९९०च्या दशकाच्या अखेरीस निळ्या तबकड्या आणि तांबडे काटे आणले. दिसायला देखणे, पण निळा प्रकाश डोळ्यात अधिक विखुरतो, अशी तक्रारही त्याच्या पाठोपाठ आली. सर्वांत धीट उत्तर विमाने बनवणाऱ्या घराण्यातून आलेल्या साब कंपनीचे. १९९४च्या साब ९०० गाडीत एक बटण होते; ते दाबले, की वेगाच्या काट्याखेरीज बाकी सारे मीटर विझत. एखादी गोष्ट बिघडली, तरच तिचा मीटर उजळे. कंपनीने दिवा सुधारला तो विझवून.

न विझणारा काटा

या इतिहासाचे एक पान काळे आहे. वीज न वापरता काटे चमकवण्याची युक्ती विसाव्या शतकाच्या आरंभी सापडली होती. झिंक सल्फाइडमध्ये रेडियमचा अंश मिसळला, की तो रंग आपोआप, रात्रंदिवस चमकतो. घड्याळे, विमानांची यंत्रे आणि मोटारींचे मीटर यांवर हा रंग लावला जाऊ लागला. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या ऑरेंज गावी युनायटेड स्टेट्स रेडियम कॉर्पोरेशनच्या कारखान्यात तरुण मुली हे काम करत. कुंचल्याचे टोक बारीक राहावे म्हणून तो ओठांत धरायला त्यांना शिकवलेले होते. प्रत्येक आकड्यागणिक रेडियम पोटात जात होते. हाडांत साठलेल्या रेडियमने त्यांचे जबडे कुजले आणि अनेकजणी तरुणपणीच गेल्या. त्यांच्यापैकी पाचजणींनी कंपनीला न्यायालयात खेचले आणि १९२८ मध्ये त्या दाव्यात तडजोड झाली. कामगारांच्या व्यवसायजन्य आजारांच्या इतिहासात हा खटला आजही मैलाचा दगड मानला जातो.

जुन्या मोटारी हाताळणाऱ्याने हे पान वाचलेच पाहिजे. महायुद्धापूर्वीच्या अनेक गाड्यांच्या काट्यांवर हा रंग आहे. तो आज चमकत नाही, म्हणून निरुपद्रवी झाला असे लोक समजतात. वस्तुस्थिती उलटी आहे. काही दशकांत थकते ते झिंक सल्फाइड; रेडियमची किरणक्रिया निम्मी व्हायला सुमारे १,६०० वर्षे लागतात. काटा विझला आहे, रेडियम विझलेले नाही. काच फोडून तो भुरभुरलेला रंग पॉलिश पेपरने खरवडणे हा मीटर ‘नवा’ करण्याचा सर्वांत घातक मार्ग. अशा मीटरची काच बंद ठेवावी आणि काम त्यातल्या जाणकाराकडेच द्यावे.

रेडियमनंतर बिनतंतूच्या उजेडाचे इतर प्रयोग झाले. १९६० साली क्रायस्लर कंपनीने आपल्या काही गाड्यांत तबकडीचा पृष्ठभागच प्रकाशमान होईल अशी व्यवस्था केली. विशिष्ट लेप आणि त्याला पुरवलेला सुमारे २०० व्होल्टचा आलटता प्रवाह; बल्ब नाही, सावली नाही. देखणे प्रकरण होते, पण खर्चिक. ते सार्वत्रिक झाले नाही. १९६२ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या निक होलोन्याक यांनी डोळ्यांना दिसेल असा तांबडा एलईडी बनवला. पांढऱ्या एलईडीला मात्र निळा हवा होता आणि तेजस्वी निळा एलईडी शुजी नाकामुरा यांनी जपानच्या निचिया कंपनीत असताना १९९३ मध्ये पुढे आणला. आकासाकी आणि अमानो यांच्यासह त्यांना २०१४चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. आज दुकानात मिळणारा मीटरचा एलईडी हा त्या नोबेलचाच अगदी धाकटा वारस.

कुर्ल्याच्या दोन गाड्या

आता घराजवळ येऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या डॉज, डिसोटो, प्लिमथ या गाड्यांची जोडणी झाली आणि नंतर इटलीच्या फियाटशी करार झाला. फियाट ११०० डिलाइट १९६४ मध्ये आली. १९७२ मध्ये तिचे नाव प्रीमियर प्रेसिडेंट झाले आणि १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी. इंजिन तेच, १,०८९ सी.सी.चे. नाव काहीही झाले, तरी मराठी माणसाने तिला ‘फियाट’च म्हटले.

एकाच कारखान्याच्या आवारातून निघालेल्या या दोन कुळांतल्या गाड्यांची वीज मात्र उलट रीतीची होती, हे फारसे कुणाच्या ध्यानात नसते. १९५५ सालापर्यंतच्या क्रायस्लर कुळातील गाड्या ६ व्होल्टच्या आणि त्यांच्या बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले. फियाट १२ व्होल्टची आणि तिचे ऋण टोक बॉडीला. त्या काळच्या बहुतेक ब्रिटिश गाड्याही धन टोक बॉडीला जोडणाऱ्या होत्या. तंतूच्या बल्बाला याचे सोयरसुतक नसते. वीज कुठूनही आली, तरी तो पेटतो. एलईडी मात्र एकाच दिशेने वीज जाऊ देतो. फियाटमध्ये लखलखणारा एलईडी उलट जोडणीच्या गाडीत ढिम्म राहतो आणि मालक म्हणतो, माल खराब निघाला.

पद्मिनीच्या चालकासमोर आडवी, लांबट मीटरपेटी असते. तिच्यातला उष्णतेचा काटा हा चैनीचा विषय नव्हता. द्रुतगती मार्ग होण्यापूर्वी मुंबईहून पुण्याला जाताना खंडाळ्याच्या चढावर बॉनेट उघडून वाफा सोडणाऱ्या गाड्यांची रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे सांगायला नको. रात्रीच्या चढावर तो काटा वेळेवर दिसला, तर गाडी बाजूला घेऊन पाणी घालता येई. न दिसला, तर हेड गॅस्केटचा खर्च. १९७१च्या युद्धात ब्लॅकआउटच्या रात्री हेडलाइटच्या काचा अर्ध्या काळ्या कराव्या लागत, तेव्हा तर बाहेरचा उजेड इतका घटे, की आतला एरवीचा मंद दिवाही डोळ्यांवर येई. उजेडाचे प्रमाण शेजारच्या अंधारावर ठरते, ते असे.

आधी निदान

आमच्या गाडीचे मीटर रात्री वाचता येईनासे झाले, तेव्हा एका जुन्या वायरमनला बोलावले. एलईडी घालू या का, असे विचारताच ते म्हणाले, “साहेब, बल्बाला कशाला दोष देता? आधी अर्थ बघू.” त्यांनी बॅटरीचे टर्मिनल काढले, मागून वेगाची तार सोडवली आणि मीटरपेटी बाहेर घेतली. होल्डरच्या पितळी पट्टीवर हिरवट गंज होता आणि पेटीच्या आतला पांढरा रंग चहासारखा झाला होता. खोलण्यापूर्वी व्होल्टमीटरने मोजले, तेव्हा बॅटरीवर साडेबारा व्होल्ट होते आणि बल्बाच्या तोंडाशी दहा.

अडीच व्होल्ट म्हणजे फक्त पाचवा हिस्सा, असे वाटेल. पण तंतूचा उजेड व्होल्टच्या प्रमाणात उतरत नाही. तो व्होल्टच्या सुमारे साडेतीनाव्या घाताने उतरतो, असा ढोबळ नियम आहे. व्होल्ट एक पंचमांश घटले, की उजेड निम्म्याहून खाली येतो आणि रंगही पांढऱ्याकडून तांबूस पिवळ्याकडे झुकतो. त्यात पेटीचा रंग काळवंडलेला, बल्बाची काच आतून टंगस्टनच्या वाफेने धुरकटलेली. म्हणजे ज्या दिव्याला आपण मुळातच मंद समजतो, तो कारखान्यातून निघाला तेव्हा तसा नव्हताच. पट्ट्या घासून साफ केल्या, होल्डरपासून बॉडीपर्यंत अर्थची एक नवी तार टाकली, पेटी आतून पांढरी रंगवली आणि त्याच वॅटचे नवे बल्ब बसवले. सारा आकडा आरपार लागू लागला.

माझी सूचना म्हणून क्रम असा : आधी अर्थ, मग स्वच्छता, मग रंग, मग नवा बल्ब आणि एवढ्याने भागले नाही तरच एलईडी. एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी. उजेड वाढावा म्हणून दोन-तीन वॅटच्या जागी पाच वॅटचा बल्ब घालण्याची एक जुनी खोड आहे. तंतूच्या बल्बातील नव्वद टक्क्यांहून अधिक वीज उष्णतेत जाते. बंद पेटीत ती उष्णता प्लॅस्टिक पिवळे करते, वाकवते आणि कधी होल्डरही वितळवते.

एलईडीच्या बाजूनेही सांगण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते प्रामाणिकपणे सांगायला हवे. तो गरम होत नाही, वीज नगण्य घेतो, धक्क्याने तुटत नाही. शिवाय आमच्या वयाचा प्रश्न आहेच. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच उजेड पोहोचतो. जुन्या गाड्यांचे मालक बहुधा जुनेच असतात. तेव्हा मीटर मंद वाटते त्यात थोडा दोष गाडीचा, थोडा आपला. अधिक उजेडाची मागणी नुसती हौस नाही. पण त्याच वयात डोळ्याचे भिंगही गढूळ होते आणि प्रखर, निळसर झोत अधिक खुपतो. म्हणून एलईडी घ्यायचाच, तर पिवळसर छटेचा घ्यावा. खोक्यावर २,७०० केल्विनच्या आसपासचा आकडा पाहावा. ६,००० केल्विनचा दिवा म्हणजे मीटरच्या पेटीत भरदुपार. तो चहूबाजूंना प्रकाश फेकणारा असावा. नुसता पुढे झोत टाकणारा घेतला, तर एका आकड्यावर ऊन आणि शेजारच्यावर अमावास्या. आणि मंद करण्याचे जुने बटण असेल, तर ते एलईडीपुढे निरुपयोगी ठरते, कारण इतक्या कमी विजेला ते वेटोळे फारसे अडवतच नाही. त्यासाठी वेगळा डिमर लागतो.

तांबड्या दिव्याची चाकरी

या सगळ्यात एक दिवा असा आहे, की त्याला हात लावण्यापूर्वी थांबावे. इग्निशनची किल्ली फिरवताच लागणारा आणि इंजिन सुरू होताच विझणारा तो तांबडा दिवा. त्याची रचना फार सुंदर आहे. त्याच्या एका बाजूला बॅटरी असते आणि दुसऱ्या बाजूला डायनॅमो. इंजिन बंद असताना डायनॅमो निपचित असतो, बॅटरीची वीज दिव्यातून त्याच्याकडे वाहते आणि दिवा लागतो. डायनॅमो वीज बनवू लागला, की दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो, प्रवाह थांबतो आणि दिवा विझतो. समतोल साधला, म्हणून अंधार.

डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर असलेल्या बहुतेक जुन्या गाड्यांत हा दिवा नुसती वर्दी देत नाही; तो कामही करतो. अल्टरनेटरच्या फिरत्या भागात चुंबकत्व जागे करायला आरंभी थोडी वीज लागते आणि ती या दिव्याच्या तंतूतूनच जाते. सव्वादोन वॅटचा बल्ब जवळपास १८० मिलिअँपिअर प्रवाह पुढे पाठवतो. साधा एलईडी दहा-वीस मिलिअँपिअरवर भागवतो. परिणाम असा, की ‘सुधारलेल्या’ गाडीचा अल्टरनेटर कधी उशिरा जागा होतो, कधी होतच नाही आणि रात्री हेडलाइट लावून निघालेला माणूस हळूहळू बॅटरी रिकामी करत अंधाराकडे जात राहतो. यावर उपाय दोन. एलईडीला समांतर योग्य रोधक जोडावा. किंवा, माझ्या मते अधिक चांगला, तो एक बल्ब जुनाच राहू द्यावा. साइडच्या दिव्यांची पंचाईत याच जातीची : तंतूच्या उष्णतेवर टिकटिकणारे जुने फ्लॅशर एलईडीचा तुटपुंजा प्रवाह मिळाला, की चालेनासे होतात.

दिव्याखाली अंधार असतो, असे आपण म्हणतो. जुन्या गाडीत दिव्यामागे तारांचे एक अख्खे गाव असते, एवढी भर त्यात घालायला हरकत नाही.

मूळपणा म्हणजे काय

शेवटी मूळपणाचा मुद्दा. पद्मिनीचे उत्पादन थांबून आता दोन तपे होत आली. मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला झाली होती. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्याने २०२३च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. आता ज्या उरल्या, त्या जपणाऱ्यांच्या दारातल्या. केंद्र सरकारने २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हीए’ ही नोंदणीमालिका आणली, तेव्हा वाहन मूळ स्वरूपात असावे आणि सांगाडा, बांधा, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट घातली. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाच्या ट्युरिन सनदेचा सूरही असाच आहे : बदल करावा लागलाच, तर तो कमीत कमी, डोळ्यांत न भरणारा आणि पुन्हा मूळपदी आणता येईल असा असावा.

मीटरचा दिवा या कसोटीला उतरतो. होल्डर न कापता, तार न तोडता बसवलेला एलईडी पाच मिनिटांत काढता येतो; काढलेले जुने बल्ब डबीत घालून गाडीच्या कप्प्यात ठेवले, की पुढच्या मालकाचा निवड करण्याचा हक्क शाबूत राहतो. उलट मीटरपेटी कापून तिच्यात निळी पट्टी चिकटवली, तर जे गेले ते परत येत नाही.

माझ्यापुरते म्हणाल, तर तबकडीमागे मी तंतूचेच बल्ब ठेवले आहेत. माझे एक स्नेही माझ्याहून आठ वर्षांनी मोठे आहेत. त्यांनी आपल्या फियाटमध्ये पिवळसर एलईडी बसवले, तांबडा दिवा तेवढा जुना ठेवला. त्यांचे उत्तर माझ्या उत्तराइतकेच बरोबर आहे, कारण दोघांनीही दिव्याला आधी एकच प्रश्न विचारला होता : काटा वाचून नजर वर गेल्यावर रस्ता दिसतो ना?